सासरच्या नावाआड गेलेली आत्या : निफाड, सिन्नर, नाशिक, त्र्यंबक

आजोबांची आत्या. घरच्या वंशावळीत तिच्या नावाशी रेघ थांबते. माहेरचं नाव ठकू, जन्म १९०५च्या सुमाराचा, आणि घरात शिल्लक राहिलेली दोनच वाक्यं : ‘सिन्नरकडे दिली होती’ आणि ‘लवकर गेली’. उदाहरण मुद्दाम साधं घेतलं आहे, कारण अशी एखादी बाई बहुतेक घरांत निघते. माहेर निफाड तालुक्यात, सासर सिन्नर तालुक्यात कुठेतरी, असं धरून हा सहा दिवसांचा प्रवास. तुमचे तालुके वेगळे असतील, कागद बहुतेक हेच असतील.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी. लग्न शोधायला निघायचं नाही, मृत्यू शोधायला निघायचं. मुंबई विवाह नोंदणी अधिनियम १९५३ सालचा. त्याआधीच्या खेड्यातल्या लग्नाचा सरकारी कागद सहसा नसतोच. मृत्यूचा असतो. शिवाय ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की ठकूची लक्ष्मी होते, आडनाव बदलतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं. तिन्ही खुणा एका दिवसात पुसल्या जातात. ‘ठकू’ असं नाव शोधत वर्षभर हिंडलात तरी काही लागणार नाही. तिला पुरुषांच्या कागदांत शोधायचं : बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या, आणि नशीब असेल तर मुलाच्या.

वारांचं गणितही आधी करावं. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद, तीर्थोपाध्याय मात्र त्या दिवशीही भेटतात. म्हणून बुधवारी निघून सोमवारी संपवलेलं बरं. भाद्रपदातला पितृपक्ष टाळावा. तेव्हा नाशिकच्या रामकुंडावर कुणाही तीर्थोपाध्यायाला यजमानांच्या वंशावळींच्या वह्या काढून दाखवायला सवड नसते.

मंगळवार रात्र, घरी

पेटी उघडून चार गोष्टी काढाव्यात. जुन्या लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, पत्रं आणि श्राद्धाच्या वेळी गुरुजींसाठी लिहिलेली पितरांची यादी. पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांत आत्या ‘सौ.’ आहे की ‘गं. भा.’, ते पाहावं. एका पत्रिकेत सौ. आणि पुढच्या पत्रिकेत गं. भा. असेल, तर नवरा त्या दोन तारखांच्या मध्ये गेला. दोन्हींत नावच नसेल तर बहुधा तीच आधी गेली. आहेराच्या वहीत माणसापुढे गाव लिहायची पद्धत आहे. ‘सिन्नरकडे’ या शब्दाचं गाव तिथे सापडू शकतं.

खरा ऐवज म्हणजे पितरांची यादी. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, फक्त बाप-आजा-पणजा नसतात. आत्या, बहीण, मावशी यांचाही उच्चार असतो, ‘सभर्तृका ससुता’ असा, म्हणजे नवऱ्यासह आणि मुलासह. यादी नीट ठेवली असेल तर आत्येचं सासरचं नाव आणि सासरचं गोत्र त्यात मिळतं. ज्या घरात मुलींची नावं इतर कुठेच लिहिली नाहीत, त्या घरातही ही यादी असू शकते.

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला एकच प्रश्न विचारावा : तिचं पान कधी वाढायचे? ‘अविधवा नवमीला’ असं उत्तर आलं तर ती नवऱ्याआधी गेली, हे नक्की झालं. चतुर्दशी म्हणाल्या तर अपघात किंवा शस्त्राघात. सर्वपित्री म्हणाल्या तर बहुधा तिथी कुणाला ठाऊक नव्हती, कदाचित बातमी उशिरा आली.

बुधवार, माहेरचं गाव

पहिल्या एसटीनं पोचावं आणि आधी शाळा गाठावी, कारण मुख्याध्यापक सकाळी मोकळे असतात. मागायचं ते ‘जनरल रजिस्टर’, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. १९१०-१५च्या सुमाराला मुलींची नावं कमीच, पण भावाचं नाव मिळालं तरी बापाचं पूर्ण नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. मुलगी असलीच तर शाळा सोडल्याचं कारण वाचावं. ‘लग्न झाल्यामुळे’ एवढा शेरा आणि त्यापुढची तारीख हा कधीकधी लग्नाचा एकमेव लेखी पुरावा असतो. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी अंदाजे घातलेली ती असते. १ जून दिसली की समजून जावं.

दुपारी तलाठी कार्यालय. (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी, गावात विचारताना तलाठीच म्हणावं.) इथे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६-क, म्हणजे वारस नोंदवही. बापाच्या नावानं थेट मागू नये. आधी आजचा सातबारा घ्यावा, त्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक असतात, एकेक क्रमांक मागे मागे जात काढावा. मध्येच साखळी तुटते ती एकत्रीकरणापाशी. १९४७च्या कायद्यानं तुकडे जोडून गट पाडले, जुने सर्व्हे नंबर गेले. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक घेऊन कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते जुळवून घ्यावं लागतं. हे न करता लोक सरळ ‘आमची नोंद गहाळ झाली’ म्हणून परततात.

कोणाच्या मृत्यूचा फेरफार पाहायचा, यातच सगळं आहे. बाप १९३०-४० साली गेला असेल तर त्याच्या वारसांत दोन मुलगे दिसतील, मुलगी नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ला लागू झाला. त्यानंतर मेलेल्या माणसाच्या वारसांत मुली आल्या, आणि आधीच वारलेल्या मुलीची मुलंसुद्धा आली. म्हणून घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर जमीन होती आणि जे १९५६नंतर गेलं, त्याचा फेरफार आधी काढावा. आत्येची आई दीर्घायुषी निघाली आणि तिच्या नावावर एखादा तुकडा होता, तर काम झालं. निपुत्रिक भाऊ असेल तर तोही उपयोगी. त्याच्यामागे बायको, आई आणि बापही नसेल तर त्याचा वारसा भावाबहिणींकडे जातो. नोंद साधारण अशी दिसते : ‘खातेदार अमुक हे मयत. वारस मुलगा १, मयत मुलगी लक्ष्मीबाई भ्र. अमुक, रा. अमुक, ता. सिन्नर, तिचा मुलगा २.’ एका ओळीत सासरचं नाव, नवरा, गाव आणि ती आधीच गेल्याचा दाखला.

जुन्या नोंदींतले आखूड शब्द पाठ असलेले बरे. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा. ‘कोम’, ‘जवजे’, ‘भ्रतार’ (भ्र.) या तिन्हींमधून नवरा-बायकोचं नातं कळतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावापुढे हे असून पालनकर्ता आई नसून चुलता किंवा मामा असेल, तर आई तोवर गेली होती किंवा दुसरीकडे गेली होती, अशी शंका घ्यावी.

‘दुसरीकडे गेली’ हे नीट समजून घ्यायला हवं. अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे म्होतूर, रूढ होता. पाट लागला की बाईचं आडनाव दुसऱ्यांदा बदलतं, आणि पहिल्या सासरचे लोक ती मेल्यासारखंच बोलतात. ‘लवकर गेली’ याचा अर्थ तोही असू शकतो. जुन्या कागदांत ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा भेद स्पष्ट लिहिलेला आढळतो. वाचणाऱ्याला तो लाजिरवाणा वाटून वगळला जातो आणि माग तिथेच संपतो.

गुरुवार, निफाड तहसील, अभिलेख कक्ष

सासरचं गाव कळलं तरी लगेच सिन्नरला धावू नये. आधी माहेरच्या गावाचं मृत्यू रजिस्टर पाहावं. कारण साधं आहे : मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाळंतपणात गेलेली बाई माहेरच्या गावच्या रजिस्टरात सासरच्या नावानं सापडते. सासरच्या रजिस्टरात तिचा पत्ताच नसतो, आणि माहेरच्यात लोक माहेरच्या नावानं शोधतात. दोन्हीकडे चुकामूक.

मागायचं ते गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा, गावाचं जुनं नाव आणि वर्षांचा टप्पा लिहावा. ‘सर्व जुने रेकॉर्ड’ असं लिहिलं की अर्ज बाजूला पडतो. ‘सन १९१८ ते १९३२’ असं लिहिलं की दप्तराचा रुमाल सुटतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरं गावोगाव उघडली गेली, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली पानं चढवली गेली. ती घरबसल्या चाळावीत, पण त्यांत मुख्यतः ज्या पानांवर ती नोंद मिळाली तीच पानं आहेत. तिथे नाही म्हणजे रजिस्टरातच नाही, असं नव्हे. त्या मोहिमेचा खरा फायदा वेगळाच : कोणत्या गावाचं कोणतं वर्ष कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे कक्षातल्या माणसांना आता पाठ असतं.

किती वेळ लागेल याचा हिशेब करता येतो. दीड हजार वस्तीचं गाव, त्या काळचे मृत्यू हजारी ३५-४० धरले तर वर्षाला पन्नास-साठ नोंदी. पंधरा वर्षांच्या आठ-नऊशे. त्यातल्या निम्म्या बायकांच्या, त्यातल्याही पुष्कळ लहान मुलींच्या. वयाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली यायचं आणि १५ ते ३० दिसलं की थांबायचं. वयं पाचाच्या पटीत लिहिलेली असतात. २३ वर्षांची बाई २५ किंवा २० होते. नाव पुष्कळदा नसतंच, ‘अमुकाची बायको’ एवढंच असतं. म्हणून नवऱ्याचं नाव हातात असल्याशिवाय या कक्षात पाऊल ठेवण्यात अर्थ नाही.

१९१८चं रजिस्टर हातात आलं की सप्टेंबरपासूनची पानं सावकाश वाचावीत. इन्फ्लुएंझाच्या त्या लाटेत एरवी महिन्याला चार-पाच नोंदी असणाऱ्या गावात एका दिवसाला तेवढ्या दिसू शकतात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘सदर’, पुन्हा ‘सदर’. अक्षर घाईचं होतं, वय सुटतं, कधी दोन घरांची माणसं एका ओळीत येतात. त्या वर्षी नोंद न मिळणं फारसं काही सिद्ध करत नाही.

रजिस्टर मोडीत असेल तर घाबरण्यापेक्षा युक्ती करावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडलेले नसतात, आधी आख्खी रेघ मारून तिच्याखाली लिहीत गेलेले असतात. पण रजिस्टर म्हणजे पत्र नव्हे. तेच पाच-पन्नास शब्द पुन्हा पुन्हा येतात. पानाच्या डोक्यावर गावाचं नाव असतं आणि ते आपल्याला ठाऊक असतं. तालुक्याचं आणि महिन्याचं नावही ठाऊक असतं. त्या तीन शब्दांतून त्या लिहिणाऱ्याच्या हातची दहा-बारा अक्षरं वहीत काढून घ्यावीत. मग नवऱ्याचं नाव त्या वळणात आधी स्वतः लिहून पाहावं आणि तसा आकार शोधत खाली यावं. वाचत जाण्यापेक्षा हे जलद होतं. शेवटी मोडी जाणणाऱ्याकडून ती एक ओळ तपासून घ्यावीच.

फोटोची परवानगी मिळाली तर आधी मुखपृष्ठ, मग गठ्ठ्यावरचा क्रमांक, मग पान, मग ओळ, या क्रमानं घ्यावेत. नुसत्या ओळीचा फोटो महिन्याभरानं कुठला ते कळत नाही. उजेड बाजूनं येऊ द्यावा. पुसट शाई तिरप्या उजेडात उठून दिसते. पानं बोटाला थुंकी लावून उलटू नयेत, हे सांगायची वेळ अजूनही येते.

शुक्रवार, सिन्नर आणि सासरचं गाव

सकाळी सिन्नर तहसिलात तोच अर्ज, तोच क्रम, फक्त सासरच्या गावासाठी. इथे आणखी एक गोष्ट पाहायची : जन्माच्या नोंदी. त्याच नवऱ्याच्या मुलांच्या जन्माच्या तारखा एका ओळीत मांडल्या आणि मध्ये चार-पाच वर्षांची फट दिसली, तर फटीच्या सुरुवातीला पहिली बायको गेली आणि नंतर दुसरी आली, हा अंदाज सहसा खरा ठरतो. मृत्यू रजिस्टराची पंधरा वर्षं मग दोन-तीनवर येतात. पहिल्या मुलाच्या जन्मावरून लग्न उशिरात उशिरा केव्हा झालं असेल, ती मर्यादाही मिळते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३०ला लागू झाला, त्याआधीच्या काही महिन्यांत लग्नांची गर्दी उसळली होती. घरात धाकटी बहीण असेल तर तिचं लग्न त्या गर्दीतलं आहे का, तेही पाहून ठेवावं. महिना ठरवताना चातुर्मास आणि पौष वगळता येतो.

दुपारी गावात. नवऱ्याच्या मृत्यूचा फेरफार काढावा. पुढे १९५६नंतर तो गेला असेल तर दोन्ही बायकांची मुलं वारसांत असतात, आणि कोणता मुलगा कुणाचा हे तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबात असतं. फेरफाराच्या नकलेबरोबर जबाबही मागावा. तो वेगळ्या फायलीत असतो आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. गावच्या कुलकर्ण्यांचा वाडा शिल्लक असेल तर तिथेही विचारावं. कुलकर्णी वतनं १९५१मध्ये खालसा झाली तेव्हा सगळी दप्तरं सरकारकडे पोचली असं नाही.

शनिवार, नाशिक

पंचवटीत रामकुंडावर सकाळी विधींची गर्दी असते, वह्या पाहायचं काम जेवणानंतर. विचारताना स्वतःचं आजचं गाव सांगून उपयोग नाही. आडनाव, मूळ गाव आणि ज्ञाती, हे तीन सांगितले की ‘तुमचे गुरुजी अमुक’ असं कुणीतरी सांगतंच. इथे दोन वह्या पाहायच्या आहेत : माहेरच्या गावाची आणि सासरच्या गावाची. त्या दोन वेगळ्या घरांत असू शकतात. सासरच्या वहीसाठी तिकडच्या कुणा वंशजाला बरोबर घ्यावं; परक्याला वही न दाखवणं हा त्यांचा धर्म आहे आणि तो बरोबरच आहे.

वहीतली नोंद म्हणजे कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण, बाप-आजा-पणजा, भाऊ, मुलगे, आणि तिथी. बायकांची नावं कमी, पण आईचं नाव येतं. आत्येचा मुलगा पुढे केव्हातरी बापाच्या अस्थी घेऊन इथे आला असेल, तर त्यानं तीर्थश्राद्ध केलं असणार. तीर्थश्राद्धात आईच्या नावाबरोबर मातामहाचाही उच्चार असतो, म्हणजे आईच्या बापाचा. त्या नोंदीत किंवा तिच्याबरोबर लिहून घेतलेल्या नामावळीत मातामह म्हणून आपल्या खापरपणजोबांचं नाव निघालं, की सिन्नरची लक्ष्मीबाई म्हणजेच निफाडची ठकू हे सिद्ध झालं. तोवर जमवलेलं सगळं जुळणारं असतं, सिद्ध झालेलं नसतं. एकाच गावात एकाच नावाच्या नवऱ्याची लक्ष्मीबाई नावाची दुसरी बायको असणं काही अवघड नाही. शिवाय दुसऱ्या बायकोलाही कधीकधी पहिलीचंच नाव ठेवतात.

तिथीची तारीख करताना घाई नको. शके अधिक ७८ हे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत चालतं. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८४०चा आश्विन म्हणजे १९१८चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, पण शके १८४०चा माघ १९१९मध्ये पडतो. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव वाचावं. शके १८४० कालयुक्त. तेच नाव पुन्हा साठ वर्षांनी येतं, त्यामुळे ४ की ९ हा वाद मिटतो. आणि हीच वही काशी-प्रयागची असती तर विक्रम संवत आणि पौर्णिमान्त महिना असण्याचा संभव. आपला भाद्रपद वद्य तिकडे आश्विन कृष्ण होतो. एका महिन्याची चूक इथूनच होते. हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या तीर्थांच्या काही वह्यांचं सूक्ष्मचित्रण (मायक्रोफिल्म) फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर आहे. म्हातारपणी तीर्थवासाला गेलेल्या विधवा बायकांसाठी ते चाळण्याजोगं.

रविवार, त्र्यंबकेश्वर

नाशिकहून सुमारे ३० किलोमीटर, दर थोड्या वेळानं बस. इथे येण्याचं कारण नारायण नागबळी आणि त्रिपिंडी. अकाली गेलेल्या माणसासाठी घरचे हे विधी वीस-वीस, तीस-तीस वर्षांनीही करतात, तेव्हा नोंद मृत्यूच्या वर्षात नाही, कुटुंबात पुढे अडचणी आल्या त्या वर्षात असते. त्रिपिंडीत विशिष्ट माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून तिथे तिचं नाव मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. मिळतं ते एवढंच की तिचा नवरा किंवा मुलगा कधी आला, आणि बरोबर कोण होतं. तेवढ्यासाठी अर्धा दिवस पुरे.

सोमवार, दुय्यम निबंधक आणि परत

हक्कसोडपत्र राहिलं. आत्येच्या मुलांनी आजोळच्या जमिनीवरचा हक्क सोडला असेल तर तो दस्त नोंदलेला असतो. जमीनजुमल्याचे दस्त ज्यात नोंदतात त्या पुस्तक १चा शोध सूची २नं मिळकतीवरून आणि सूची १नं माणसाच्या नावावरून लागतो. बहुतेक जण सूची २च मागतात. आपल्याला सूची १ हवी. दस्तात नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि ‘मयत आई हिचे माहेरकडील’ अशी वाक्यं असतात. मातामहाची नोंद वहीत मिळाली नसेल तर त्या जागी हा दस्त चालतो.

मृत्यूची ओळ सापडली असेल तर तिची प्रमाणित नक्कल आजच मागून ठेवावी. रजिस्टरात कारण लिहिलेलं असलं तरी दिल्या जाणाऱ्या उताऱ्यावर ते येत नाही. १९६९च्या कायद्याच्या कलम १७नं तसं बंधन आहे. म्हणून कारण पाहिलं त्याच दिवशी स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावं. नोंद मिळालीच नाही तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून नमुना १०मधला अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा आणि त्यावर कोणत्या वर्षांचा शोध घेतला ते आहे ना, हे खिडकी सोडण्याआधी वाचावं. वर्षं न लिहिलेला दाखला पुढच्या शोधणाऱ्याला निरुपयोगी.

परतीच्या वाटेवर नाशिकला उतरायला सवड असेल तर शनिवारच्या गुरुजींकडे पुन्हा जावं. वहीत आपली नोंद लिहायला देतात. शाईचं पेन बरोबर असू द्यावं. तारीख आणि तिथी दोन्ही घालावी, आणि माहेरच्या वंशावळीत ठकूपुढे लिहावं : सासरचं नाव लक्ष्मीबाई, भ्रतार अमुक, राहणार अमुक, तालुका सिन्नर. तिच्याखाली घरातल्या आजच्या मुलींचीही तशीच, दोन्हीकडच्या नावांनिशी.